दुसऱ्या कर्जाचा रकाना

८ एप्रिल २०२५ रोजी छोट्या धंद्यांना कर्ज मिळवून देणाऱ्या मुद्रा योजनेला दहा वर्षं झाली आणि ठरल्यासारखा वाद रंगला. एका बाजूने सरकारी आकडा पुढे आला: दहा वर्षांत ५२ कोटींहून जास्त कर्जं, रक्कम साडेबत्तीस लाख कोटींच्या घरात. दुसऱ्या बाजूने लगेच भागाकार करून दाखवला: म्हणजे कर्जामागे सरासरी बासष्ट-त्रेसष्ट हजार, एवढ्यात कुठला धंदा उभा राहतो? पहिले म्हणाले, तुम्हाला गरिबाचं भलं बघवत नाही. दुसरे म्हणाले, मतांसाठी बँका लुटवताय. मी गेली बावीस वर्षं लहान कारखानदारांच्या आणि दुकानदारांच्या वह्या लिहितो. हा वाद ऐकताना मला नेहमी वाटतं, लग्नात पंगती किती उठल्या यावरून दोन्हीकडचे पाहुणे हमरीतुमरीवर आलेत आणि संसार नीट चाललाय का, हे कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. छोट्या धंद्यांच्या कर्जात सरकारने पैसा घालावा, आज घालतं त्यापेक्षा जास्तच घालावा. पण व्याज स्वस्त करण्यात आणि अनुदान वाटण्यात तो घालू नये. ज्याला आजवर कुणी दारात उभं केलं नाही, त्याच्या पहिल्या कर्जातली जोखीम उचलायला तो घालावा; त्या माणसाचा धंदा समजून घेणाऱ्याच्या पगारावर घालावा; आणि सरकारने स्वतः विकत घेतलेल्या मालाची बिलं वेळेवर चुकती करायला घालावा. मराठीत ‘पत’ हा शब्द इभ्रतीसाठीही आहे आणि उधारी मिळण्याच्या ताकदीसाठीही, हा काही योगायोग नाही. सरकारने विकत घ्यायची असेल तर ही पत घ्यावी. आणि ती आली की नाही हे पहिलं कर्ज किती जणांना मिळालं यावरून कळत नाही. दुसरं किती जणांना मिळालं, यावरून कळतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू, कारण दोन्ही पक्ष त्याच्यावर उभे आहेत. मुद्रामध्ये सरकार तिजोरीतून पैसे वाटत नाही. कर्ज देतात बँका, बिगर बँक वित्त कंपन्या आणि सूक्ष्म वित्त संस्था, आणि पैसा असतो ठेवीदारांचा किंवा त्यांनी स्वतः उभारलेला. सरकारचा हात मागे असतो, फेरकर्जात (म्हणजे कर्ज देणाऱ्यांना पैसा पुरवण्यात) आणि हमी निधीत (म्हणजे बुडालेल्या कर्जाचा काही भाग भरून देण्यात). त्यामुळे ‘सरकारने इतक्या कोटी लोकांना पैसे दिले’ हेही खरं नाही आणि ‘करदात्याचे साडेबत्तीस लाख कोटी उधळले’ हेही नाही. शिवाय ५२ कोटी ही कर्जांची संख्या आहे, माणसांची नाही. एकाच शिलाईवालीने दहा वर्षांत चार कर्जं घेतली तर ती चार वेळा मोजली गेली. खरं म्हणजे ती चार वेळा मोजली गेली असेल तर मला आनंदच आहे, त्यात बढाई मारण्यासारखं काही असेल तर ते तेवढंच आहे. पण सरकारी जाहिरातीत ती चार वेगवेगळ्या बायका असल्यासारखी दिसते.

आता व्याजाचं बघू. पहाटे घाऊक भाजीबाजारात उभं राहिलात तर एक व्यवहार डोळ्यांसमोर होतो. हातगाडीवाली सकाळी नऊशे रुपये घेते आणि संध्याकाळी हजार परत करते. कागद नाही, सही नाही. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊशे रुपयांच्या भांडवलावर तिने तीस हजार रुपये व्याज भरलं. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी पंतप्रधान स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, एका वर्षात हप्त्यांनी फेडायचं. त्यावर व्याज अगदी २४ टक्के धरलं तरी वर्षभरात साडेतेराशेच्या आसपास जातात. सरकार त्या चोवीस टक्क्यांतले सात परत देतं, म्हणजे सुमारे चारशे रुपये. मांडून बघा: कर्ज मिळण्यामुळे त्या बाईचे अठ्ठावीस हजारांच्या वर वाचले, आणि व्याज सवलतीमुळे चारशे. तरीही मंत्र्यापासून सरपंचापर्यंत सगळे कशाबद्दल बोलतात? सात टक्क्यांबद्दल.

असं का होतं, याचं उत्तर फार खोल नाही. सवलतीला नाव देता येतं, फलकावर फोटो लावता येतो. बँकेच्या शाखेत धंद्याची पाहणी करणारा एक माणूस वाढवला तर त्याचं उद्घाटन कसं करणार? पण सवलतीचा तोटा नुसता पैसा वाया जाण्याचा नाही, ती माणसाला वाकडं चालायला शिकवते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. त्यात प्रकल्पाच्या खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, गाव की शहर आणि अर्जदार कुठल्या गटातला यावर ते ठरतं. अनुदान खर्चाच्या टक्केवारीत असलं की खर्च फुगवणं हे शहाणपण ठरतं. यंत्र विकणारा कोटेशन कसं हवंय ते विचारूनच देतो. प्रकल्प अहवाल तयार करून देणाऱ्याचा दर ठरलेला असतो, आणि त्या अहवालात पहिल्याच वर्षापासून यंत्र ऐंशी टक्के क्षमतेने धावत असतं. मीही असे कागद बघून मान डोलावली आहे, सोवळेपणाचा आव आणत नाही. पण ज्याचा धंदा चार लाखांत झाला असता त्याने नऊ लाखांचा हप्ता गळ्यात बांधून घेतला, तर त्याला मदत केली म्हणायचं का?

विरोधकांचा खरा जोर मात्र याहून जुन्या ठिकाणी आहे, आणि तिथे त्यांना बाजूला सारून चालणार नाही. ऐंशीच्या दशकातले कर्ज मेळावे ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल. जनार्दन पुजारी अर्थ राज्यमंत्री असताना मांडव टाकून, नावं पुकारून कर्जं वाटली गेली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातली एकच म्हैस चार गावांतल्या चार लाभार्थ्यांच्या दारात उभी करून दाखवल्याचे किस्से तेव्हा कुठल्याही बँकवाल्याकडे मिळायचे. मग १९९० ची कर्जमाफी आली. दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ झाली, शेतकऱ्यांबरोबर कारागीर आणि विणकरांचीही. ज्या विणकराने पोटाला चिमटा काढून हप्ते भरले होते त्याला काय मिळालं? शेजाऱ्यांचं हसू. आणि आपल्या राज्यातलं अण्णाभाऊ साठे महामंडळ घ्या. मातंग समाजातल्या माणसाला छोट्या धंद्यासाठी पैसा मिळावा म्हणून १९८५ मध्ये ते स्थापन झालं, आणि २०१५ मध्ये शेकडो कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून त्याच्या माजी अध्यक्षाला, एका विद्यमान आमदाराला, अटक झाली. ज्यांच्या नावाने पैसा निघाला ते लोक जिथे होते तिथेच. हे सगळं समोर ठेवून कुणी म्हणालं की सरकारने या भानगडीत पडूच नये, तर मी त्याला गरीबद्वेष्टा म्हणणार नाही.

पण या अपयशांत समान काय होतं ते नीट पाहिलं तर निष्कर्ष वेगळा निघतो. तिन्हीकडे ज्याच्या हाती पैसा होता त्याला तो बाहेर काढण्याबद्दल शाबासकी होती, परत येण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. मेळाव्यातल्या बँक अधिकाऱ्याला उद्दिष्ट होतं ते वाटपाचं. कर्ज बुडालं तेव्हा तो बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असायचा. म्हणजे रोग सरकारी पैशाचा नाही, तो पैसा कुठे लावला आणि कुणाचे हात त्यात पोळले याचा आहे.

ही ओळख आपल्याला नवी नाही. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर इंग्रज सरकारने १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा केला, आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची, म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्जाची, नीट व्यवस्था लावली. तगाईचं व्याज सावकाराच्या मानाने नगण्य होतं. तरी शेतकरी सावकाराकडेच जात राहिला. का? तगाईला अर्ज, तलाठ्याचा दाखला, मामलेदाराची सही, मधल्या प्रत्येकाचा हात ओला करणं, आणि पैसा हातात येईपर्यंत पेरणी उलटून गेलेली. सावकार रात्री दार वाजवलं तरी उठायचा. स्वस्त व्याज हरलं आणि वेळेवर मिळणारा महाग पैसा जिंकला. भाजीबाजारातल्या त्या नऊशे रुपयांची गोष्ट दीडशे वर्षं जुनी आहे.

त्याच काळात न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना मांडली होती, आणि ती आजही वाचावी अशी आहे. भांडवल पुण्यातल्या सावकार-व्यापाऱ्यांनी घालायचं. सरकारने शेतकऱ्याची जुनी कर्जं तडजोडीने मिटवायला आगाऊ रक्कम द्यायची आणि वसुलीला कायदेशीर पाठबळ द्यायचं. म्हणजे पैसा खासगी, धंद्याची अक्कल स्थानिक, आणि जी जोखीम कुणी एकटा घेऊ शकत नाही तेवढीच सरकारच्या खांद्यावर. हिंदुस्थान सरकारने ती मान्य केली, लंडनच्या भारतमंत्र्याने फेटाळली. पुरंदरला ती बँक झाली असती तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. पण ‘सरकार की बाजार’ हा प्रश्नच चुकीचा आहे, हे रानड्यांना तेव्हा कळलं होतं, आणि आपल्या दूरचित्रवाणीवरच्या पंडितांना अजून कळायचंय.

पुढे १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन टक्के निघाला, सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास. ही पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने, ज्यात आपले धनंजयराव गाडगीळ होते, १९५४ च्या अहवालात लिहिलं की सहकार अयशस्वी झाला आहे, पण तो यशस्वी व्हायलाच हवा. आणि त्यासाठी सरकारने सहकारी संस्थांत भागभांडवल घालावं, भागीदार व्हावं, अशी शिफारस केली. प्रवरेचा कारखाना गाडगीळांनी आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला तो शेतकऱ्यांचे भाग आधी गोळा करून, वर सरकारचं भांडवल घेऊन. शेतकऱ्याचा पैसा अडकलेला होता, म्हणून सरकारचा पैसा शहाण्यासारखा वागला.

इथे कुणी टोकेल, आणि टोकावंच, की पुढे काय झालं ते सांगा. सांगतो. पुढे याच राज्यात साखर कारखान्यांच्या कर्जांना सरकारच्या थकहमीची, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार भरेल या हमीची, सवय लागली. हमी पूर्ण होती, त्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकेने कारखाना चालेल का हे बघायची गरज उरली नाही. हमी देणारे, कर्ज देणारे आणि घेणारे बरेचदा एकाच पंगतीतले होते. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेवर प्रशासक नेमायची वेळ आली. माझ्या बाजूविरुद्धचा हा सगळ्यात बळकट पुरावा आहे, कारण मी इथे हमीचीच वकिली करतोय. पण त्यातून शिकायचं काय? हमी पूर्ण असली की कुजते. बँकेचा स्वतःचा काही पैसा आगीत असलाच पाहिजे, आणि हमी देणाऱ्याने कर्जदाराचं नाव बघायचं नाही, फक्त नियम बघायचे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा पतहमी न्यास केंद्र सरकारने आणि सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या बँकेने २००० मध्ये स्थापन केला तो साधारण याच बेतावर. तारण न घेता दिलेल्या कर्जाचा ठरावीक हिस्सा न्यास भरून देतो, उरलेला फटका बँकेचा. २०२३ च्या अर्थसंकल्पात या न्यासात नऊ हजार कोटी घातले आणि त्यातून दोन लाख कोटींची आणखी कर्जं उभी राहतील असं सांगितलं. सरकारी अंदाज आहे, तो निम्मा खरा ठरला तरी एका रुपयामागे अकरा रुपयांचं कर्ज झालं. अनुदानात एक रुपया हा एकच रुपया असतो, आणि तोही फुगवलेल्या कोटेशनच्या खिशात जातो.

मग अडलं कुठे? शाखेत. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच घातला. तरी ‘दोन जामीनदार आणा, घराचा उतारा आणा’ हे ऐकल्याशिवाय शाखेतून परतलेला लेथवाला मला क्वचित भेटतो. शाखा व्यवस्थापकाला शिव्या घालणं सोपं आहे. त्याच्या जागी बसून बघा. चार माणसांची शाखा, त्यात विमा विकायचा, खाती उघडायची, आणि एकीकडून मुद्राचं उद्दिष्ट. समोरच्या माणसाचा धंदा बघायला जायला वेळ नाही आणि कुणी शिकवलंही नाही. कर्ज थकलं की हमीचा दावा करताना हजार कागद, आणि वर चौकशी. असा माणूस दोनच गोष्टी करतो. उद्दिष्ट भरायला मुद्रातली सगळ्यात लहान, पन्नास हजारांपर्यंतची ‘शिशु’ कर्जं डोळे मिटून काढतो, आणि ज्याला खरोखर सहा लाखांचं खेळतं भांडवल हवंय त्याला तारणाच्या अटीवर परत पाठवतो. म्हणजे जिथे तपासायचं तिथे तपासलं नाही आणि जिथे द्यायचं तिथे दिलं नाही.

धंदा ओळखणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. पतपेढीचा पिग्मी एजंट रोजची बचत गोळा करत संध्याकाळी गल्लीत फिरतो. कुठल्या दुकानाचा गल्ला या महिन्यात बसला, कुणाकडे मुलीचं लग्न निघालंय, कोण आजारी आहे, हे त्याला सिबिलच्या आकड्याच्या सहा महिने आधी कळतं. बचत गटांचं उदाहरण तर याहून मोठं आहे. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा बाहेरची मेहनत आणि पैसा मुख्यतः गट बांधण्यावर गेला: बायकांना एकत्र आणणं, वही ठेवायला शिकवणं, आपसात देणं-घेणं चालू करून देणं. कर्ज बँकेने दिलं, तेही आधी थोडं, फेडलं की जास्त. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) आणि ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या गटांत आज पाचवं-सहावं कर्ज घेणाऱ्या बायका आहेत. त्यांना व्याज किती टक्के हे विचारलं तर नीट सांगता येत नाही कधी कधी, पण मागचा हप्ता कुणी कुठल्या तारखेला भरला ते तोंडपाठ असतं. स्वनिधीतही हीच पायरी आहे, पहिलं कर्ज फेडलं की दुसरं मोठं, मग पन्नास हजारांचं तिसरं. त्या योजनेतला अस्सल माल हा आहे. सात टक्के म्हणजे वरचं वेष्टन.

दुसरा एक आक्षेप हल्ली जोरात आहे, तरुण लोक करतात. सरकार कशाला हवं? खासगी कंपन्या मोबाइलवर दहा मिनिटांत कर्ज देतात. देतात, मान्य. महाग का होईना, मिळणारं कर्ज न मिळणाऱ्यापेक्षा बरं, हे मीच वर सांगितलं. पण २०१० चं आंध्र आठवा. सूक्ष्म वित्त कंपन्यांनी एकाच बाईला चार-चार कर्जं दिली, कारण प्रत्येकीला वाढ दाखवायची होती. वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि मग फेड जवळजवळ थांबलीच. उद्दिष्टाचा रोग सरकारी बँकेला होतो तसा खासगी कंपनीलाही होतो. फरक इतकाच की तिथे मांडव नसतो.

लिज्जत पापडाचं उदाहरणही या वादात नेहमी निघतं: १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये, कुठे होती सरकारी योजना? बरोबर. पण ते ८० रुपये छगनलाल पारेख नावाच्या समाजसेवकाने उसने दिले होते, म्हणजे पहिली जोखीम कुणीतरी उचललीच होती. आणि १९६६ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्यांना मान्यता देऊन आठ लाखांचं खेळतं भांडवल दिलं, सात वर्षांचा हिशेब बघून. ज्या सात बायकांना पारेख भेटत नाहीत त्यांनी काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणखी एक मुद्दा मी मनापासून मान्य करतो: कर्ज हे सगळ्याचं औषध नाही. इचलकरंजीतल्या खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाला मजुरीचा दर व्यापारी देतो. त्याला नव्या मागासाठी स्वस्त कर्ज दिलं तर शेजाऱ्यालाही मिळतं, माग वाढतात आणि दर आणखी पडतो. त्याचं दुखणं बाजाराचं आहे, तिथे कर्ज म्हणजे जखमेवर मीठ. फेरीवाल्याचं तर विचारूच नका. २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, शहर फेरीवाला समित्या नेमायच्या, जागा ठरवून द्यायच्या. कित्येक शहरांत हे घोंगडं भिजत पडलंय. त्यामुळे पालिकेच्या एका खिडकीत स्वनिधीचा अर्ज भरून घेतात आणि त्याच पालिकेची अतिक्रमणाची गाडी हातगाडी उचलून नेते. कर्जाचा हप्ता मात्र उचलून नेत नाही.

यावरून मी शेवटच्या आणि मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो, ज्याबद्दल या वादात चकार शब्द निघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात कारखानदारांना कर्ज हवं असतं ते यंत्रासाठी नाही, विकलेल्या मालाचे पैसे आले नाहीत म्हणून. २००६ चा कायदा म्हणतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज लागेल. कायदा असा कडक की वाचूनच बरं वाटतं. पण तक्रार कोण करणार? पाण्यात राहून माशाशी वैर कसं घ्यायचं? तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली. म्हणून २०२३ मध्ये आयकर कायद्यात बदल केला: वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा दाखवता येणार नाही. हेतू उत्तम. पण काही खरेदीदारांनी सरळ नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडे मोर्चा वळवला, आणि माझ्या दोन कारखानदारांनी उद्यम नोंदणी रद्द करता येते का असं विचारलं. दुखणं कुठे आहे ते कळलं, दातावरचं औषध मात्र गालाला लागलं.

आणि सगळ्यात मोठा उधारीवाला कोण? सरकार स्वतः. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आल्या. मोठा कंत्राटदार थकला की त्याच्याखालचा खडीवाला, पाइपवाला, वेल्डिंगवाला थकतो. तो वेल्डिंगवाला मग व्याज सवलतीच्या एखाद्या योजनेखाली कर्ज घेतो आणि त्याच्या व्याजात सरकार सवलत देतं. म्हणजे सरकारने त्याचेच पैसे अडकवून ठेवायचे, बँकेने ते त्याला व्याजाने द्यायचे, आणि त्या व्याजातला थोडा भाग सरकारने परत देऊन जाहिरात करायची! एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाशी असा व्यवहार केला असता तर आपण त्याला काय म्हणालो असतो? नवी योजना काढण्याआधी राज्याने नुसती आपली छोटी बिलं, समजा पाच लाखांच्या आतली, महिन्याच्या महिन्याला फेडायचा नियम केला आणि पाळला, तर कुठल्याही महामंडळापेक्षा जास्त खेळतं भांडवल बाजारात येईल.

आता माझ्याच कसोटीवरचा आक्षेप. दुसऱ्या कर्जावरून यश मोजायचं म्हटलं तर बँका उद्याच ‘नवं-जुनं’ सुरू करतील. सोसायटीत पीक कर्जाचं होतं तसं, जुनं फेडल्याचं दाखवायला त्याच दिवशी नवं द्यायचं, माणूस तिथेच आणि कागद पुढे. हे होईल, मी भोळा नाही. म्हणून मोजायचं असं: पहिलं कर्ज धंद्याच्या पैशातून फिटलं का, फिटल्यावर निदान महिनाभर खातं मोकळं राहिलं का, आणि दुसरं आधीपेक्षा मोठं, कमी कागदांत मिळालं का. ज्याला दुसरं नकोच होतं, ज्याचं भागलं, त्यालाही वेगळं मोजा, तोही जिंकलाच. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची रीत या दृष्टीने मला इतरांपेक्षा बरी वाटते. आधी हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याज परत मिळतं. पण तिथेही जाहीर होतो तो लाभार्थ्यांचा आकडा. परतावा संपल्यावर त्यातल्या किती जणांना बँकेने आपणहून विचारलं, ते कळत नाही.

अग्रणी बँक योजना १९६९ च्या शेवटी आली ती गाडगिळांच्याच अभ्यासगटामुळे. जिल्ह्याचा पतपुरवठा एका टेबलावर मांडून बघावा, ही कल्पना. त्यातूनच पुढे जिल्ह्या-जिल्ह्यातल्या बँकांच्या बैठका सुरू झाल्या, त्या अजून होतात. चार वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या वतीने मी अशा एका बैठकीला मागच्या खुर्चीत बसलो होतो. पडद्यावर तक्ता होता: बँकेचं नाव, उद्दिष्ट, मंजूर, वाटप, टक्केवारी. ज्यांची टक्केवारी शंभराच्या वर होती त्यांचं कौतुक झालं. मी हात वर करून विचारलं, गेल्या वर्षी ज्यांनी फेडलं त्यातल्या कितींना या वर्षी दुसरं कर्ज दिलंत? तक्ता चालवणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे वर-खाली करून शोधलं. मग म्हणाला, “सर, तो रकानाच नाहीये यात.” अध्यक्षांनी चहा मागवला.